शिदुबाच्या बुट्टीतले दोन नर

शिदुबा मेटकऱ्याला एडक्यांचं भांडण मोडता येत असे, आणि नव्या पेठेतल्या डॉक्टर गुरुसिद्धप्पांनी त्याला कामाला ठेवलं ते एवढ्याच भरवशावर. बाकी त्याच्यापाशी डॉक्टरांच्या उपयोगाचं काही नव्हतं. त्याला लिहिता येत नव्हतं. औषधाची एक बाटली दुसरीपासून ओळखता येत नव्हती. दवाखान्याचा जिना तो अजूनही टेकाड चढल्यासारखा पुढं वाकून, हातातली नसलेली काठी टेकवत चढे. पण सांगोल्याकडच्या माळावर त्याचा जन्म मेंढरांमागं गेला होता आणि त्याच्या कळपातला एकही एडका दुसऱ्याच्या शिंगानं मेला नव्हता.

त्याची रीत साधी होती. दोन कळप एक करायचे झाले की अनोळखी एडके एकमेकांना बघताच मागं सरतात. ते भिऊन सरत नाहीत. धावून यायला जागा करतात. शिदुबा ती जागाच काढून घेई. वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, तो इतकी आवळून लावी की एडक्याला एडका घासून उभा राहावा. मग सगळ्यांच्या नाकांना एकाच मेंढीचं दूध चोळायचं, की झालं. "मागं सरता न्हाय आलं तर टक्कर कशी देतंय?" असं तो म्हणे. सकाळी वाघूर सोडली की ते एडके एका आईची लेकरं असल्यासारखे चरायला निघत. त्याच सुमारास विलायतेत मोठमोठे मुत्सद्दी भांडकुदळ राष्ट्रांना एका टेबलाभोवती बसवून काहीसा असाच प्रयोग करत होते. त्यांची वाघूर सैल पडली असावी.

पुढं त्या माळावर सरकारी झाडं लावायचं ठरलं. झाडं लागली नाहीत, पण मेंढरं गेली. शिदुबा आणि त्याची बायको अंबुबाई सोलापुरात आली, गिरणीच्या भोंग्यावर जागी होणाऱ्या एका चाळीत राहिली. अंबुबाई गिरणीत जाऊ लागली. शिदुबा गिरणीत एकच दिवस गेला. आत इतका आवाज होता आणि त्यातला एकही जनावराचा नव्हता, हे काही त्याला मानवलं नाही.

डॉक्टर गुरुसिद्धप्पा मैंदर्गीचे. मुंबईला शिकून आलेले. कानडीत चिडत, मराठीत समजावत आणि इंग्रजीत लिहीत. खोकल्याची आणि तापाची माणसं सोलापुरात गिरण्यांच्या कृपेनं उदंड होती, आणि त्यातला क्षय कुणाचा अन् नुसता खोकला कुणाचा हे नक्की ठरवायची डॉक्टरांना हौस होती. त्यासाठी त्यांनी मुंबईच्या एका प्रयोगशाळेकडून प्राणी मागवले. ते एका खोक्यातून आगगाडीनं आले. माद्या त्या लोकांनी वीण वाढवायला ठेवून घेतल्या होत्या आणि नुसते नर शास्त्राच्या सेवेला धाडले होते.

शिदुबानं खोक्यात डोकावून बघितलं. मूठ-दीड मुठीची, केसाळ, नाकं हलवणारी पिल्लं एकमेकांच्या अंगाखाली शिरत होती.

"हे उंदीर म्हणायचे का?"

"उंदीर नव्हे. गिनीपिग. पिग म्हणजे डुक्कर."

शिदुबानं आत घातलेला हात बाहेर काढून धोतराला पुसला.

"नावाला रे," डॉक्टर म्हणाले. "डुक्कर नव्हेत ते. अन् गिनी देशाचेही नव्हेत."

"मग हाय तरी काय?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "गरीब प्राणी आहे."

"शेपूट न्हाय, शिंग न्हाय," शिदुबानं एकाला उताणं धरून तपासलं. "ह्यो कशानं भांडणार?"

शास्त्राची एकंदर हकीकत डॉक्टरांनी त्याला त्याच बैठकीत सांगितली. माणसाच्या छातीतलं पाणी काढायचं आणि या प्राण्याच्या मांडीत टोचायचं. दीड-दोन महिने वाट बघायची, मग प्राण्याला चिरून आत गाठी आहेत का ते पाहायचं.

"म्हंजे माणसाचं दुखणं ह्येनं भोगायचं?"

"हो."

"आन् माणसाचं जातंय?"

"नाही."

"मग?"

"मग कळतं."

शिदुबाला हे फारसं पटलं नाही, पण त्यानं मान हलवली. तो त्यांना गिन्न्या म्हणू लागला. सकाळी लसूणघास, दुपारी कोबीचा पाला, खाली वाळलं गवत. दवाखान्यामागच्या ओसरीवर लाकडी पेट्या होत्या, एकेका पेटीत दोन-दोन. त्याच्या पायांची चाहूल लागली की सगळ्या गिन्न्या शीळ घालत. माळ सोडल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या येण्याची वाट बघत होतं. अंबुबाईनंही बघितली असती, पण ती तेव्हा गिरणीत असे.

त्या हिवाळ्यात, म्हणजे तीस सालच्या मार्शल लॉच्या आधीच्या हिवाळ्यात, त्यांची लेक कस्तुरा करकंबहून परत आली. तिला तिची सासू सोजरबाई घेऊन आली. बाई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, बसा म्हटलं तरी बसली नाही.

"इवाई, लेक आणून घातली म्हणून राग धरू नगा," ती शिदुबाला म्हणाली. "तिला ताप येतोय. कुशीत दुखतंय म्हणती. दम लागतोय."

अंबुबाईनं लेकीच्या मागं बघितलं, मग सासूच्या मागं बघितलं. "नातू कुटं हाय?"

"माज्या घरी. शेळीच्या दुधावर ऱ्हाईल."

"अगं बया! अंगावर पितंय की त्ये अजून!"

"म्हणूनच ठिवलंय," सोजरबाई म्हणाली. आवाज चढला नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट होती. "थोरल्या सुनंला खोकला म्हणून मी सुंठ देत बसली. ती गेली. मागनं तिची दोन लेकरं गेली. आता मला सुंठ दावू नगा, ईनबाई. तुमच्या डाक्तरानं ठामपणी सांगू द्या, हिला त्ये न्हाय म्हणून. मी सोता येऊन गाडीत बसवून नेती."

"आन् हाय म्हणाला तर?" शिदुबानं विचारलं.

सोजरबाईनं कस्तुराच्या डोक्यावरचा पदर नीट केला. मग ती गेली.

डॉक्टरांनी कस्तुराच्या पाठीत सुई घालून बाटलीभर पिवळं पाणी काढलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. काही दिसलं नाही.

"मग न्हाय की!" शिदुबा म्हणाला.

"दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे. गिनीपिग सांगेल."

ओसरीच्या टोकाच्या पेटीतले दोन काढले. खोक्यातून आले तेव्हापासून ते एकाच पेटीत होते. दोघंही काळे-पांढरे, एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं असे. डॉक्टरांनी दोघांच्या मांडीत तेच पाणी टोचलं आणि ओळख पटावी म्हणून जांभळ्या औषधाचा एक ठिपका एकाच्या डोक्यावर लावला, दुसऱ्याच्या ढुंगणावर. शिदुबाच्या लेखी त्या दिवसापासून ते डोकेवाला आणि बूडवाला झाले.

"नीट ऐक," डॉक्टर म्हणाले. "यांना दुसरं कसलंही दुखणं होता कामा नये. दुसऱ्याच कशानं लवकर मेले तर त्यांच्याकडून काही कळायचं नाही. अन् छातीतलं पाणी पुन्हा मिळेल असं धरून चालू नकोस. ते आटतं."

एवढं सांगून डॉक्टर हात धुवायला गेले. शिदुबा पेटीपुढं उकिडवा बसला. आजवर त्यानं किती मेंढरं सांभाळली असतील, पण आपल्या लेकीचं आणि नातवाचं असं काही मुठीएवढ्या जनावराच्या मांडीत ठेवलेलं त्याच्या अनुभवात नव्हतं. त्यानं दोघांना एकेक कोबीचं पान दिलं. बूडवाल्यानं आपलं पान सोडून डोकेवाल्याचं ओढलं. शिदुबाला हसू आलं.

आठ-दहा दिवसांत हसू गेलं. गिन्न्या वयात येत होत्या. आधी बूडवाला ढुंगण हलवत डोकेवाल्याभोवती फिरायला लागला आणि फिरताना घशातून घुमायला लागला, लांबून फटफटी यावी तसा. मग तो त्याच्या पाठीवर चढायला लागला. डोकेवाला ओरडे, पळे, कोपरा गाठे. एक दिवस तोही कोपऱ्यातून उलटा फिरला. दोघं समोरासमोर उभे राहिले, मानेवरचे केस फुगवून, आणि त्यांनी दात वाजवायला सुरुवात केली. कटकट, कटकट. शिदुबानं मेंढ्याला असं काही करताना कधी पाहिलं नव्हतं. मेंढ्याला वरचे पुढचे दात नसतात. याला होते, आणि खालचेही होते. शिंगं नाहीत म्हणून याला गरीब ठरवण्यात आपली काहीतरी चूक झाली, असं त्याच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आलं. डोकेवाल्याच्या कानाचा तुकडा उडाला तेव्हा ते नक्कीच झालं.

डॉक्टरांनी पुस्तक काढलं, एक पान वाचलं आणि मिटलं.

"नर वेगवेगळे ठेवावेत, म्हणतो."

"ह्ये आधी न्हवतं का लिवलेलं?"

"होतं," डॉक्टर म्हणाले. "पण माद्या येतील असं मी धरलं होतं."

शिदुबानं घासलेटचं एक खोकं मिळवलं, त्याला जाळी ठोकली आणि बूडवाल्याला त्यात घातलं. त्याच दिवशी बूडवाल्यानं खाणं सोडलं. तोंड कोपऱ्यात घालून तो बसला. लसूणघास पुढं केला, घेतला नाही. भिजवलेले हरभरे दाखवले, नाक फिरवलं. पलीकडच्या पेटीत डोकेवालाही जाळीला चिकटून शीळ घालत होता. ज्याच्या दातानं कान गेला त्यालाच हाका मारत होता की काय, देव जाणे.

"टोचल्याचा ताप असेल," डॉक्टर म्हणाले. "एखादा दिवस खात नाहीत. वेगळेच राहू देत." आणि ते पंधरा दिवसांसाठी चुलतभावाच्या लग्नाला मैंदर्गीला निघून गेले.

एक दिवस गेला, दुसरा गेला. बूडवाल्याला उचललं की केसांखाली हाडं लागायला लागली. धनगराच्या पोराला चालायच्या आधी कळणारी एक गोष्ट असते: कळपातून काढलेलं एकटं मेंढरू जगत नाही. त्याला घाव नको, रोग नको, ते झुरूनच मरतं. शिदुबानं असली मेंढरं पाहिली होती. ती अशीच तोंड फिरवून बसत. वेगळं ठेवावं तर हा झुरून मरणार. एकत्र ठेवावं तर चावून मरणार. डॉक्टरांचं पुस्तक कपाटात होतं आणि डॉक्टर मांडवात होते. मग शिदुबानं तेच केलं जे त्याला सगळ्यात चांगलं येत होतं.

दुपारी तो घरी आला आणि फळीवरची वेताची झाकणाची बुट्टी खाली काढली.

"भाकरीची बुट्टी कशाला?" अंबुबाई त्या दिवशी घरीच होती.

"दोघांस्नी आवळून ठिवतो. सकाळपतोर एक हुत्यात."

"भाकरी कशात ठिवू? तुमच्या मुंडाशात?"

"ठीव की."

कस्तुरा भिंतीला टेकून बसली होती. ताप उतरला होता, पण अंगात त्राण नव्हतं. तिला बापाचं सगळं ठाऊक होतं. लहानपणी वाघरीच्या कडेला उभं राहून तिनं हे बघितलेलं होतं.

"दूध कशाचं लावणार, आबा? हितं मेंढी कुटं हाय?"

शिदुबाला ते सुचलं नव्हतं.

कस्तुरा उठली. रोज सकाळ-संध्याकाळ ती मोरीवर जाऊन दूध पिळून टाकत असे; छाती दगडासारखी व्हायची. ती वाटी घेऊन आडोशाला गेली. परत आली तेव्हा वाटीत तळ झाकण्यापुरतं दूध होतं.

"ह्ये चालतंय का?" तिनं विचारलं.

अंबुबाईनं तोंड फिरवलं. शिदुबा म्हणाला, "चालतंय की," आणि वाटी दोन्ही हातांत धरून, सांडू न देता, चाळीपासून नव्या पेठेपर्यंत चालत गेला. बुट्टी त्यानं डोक्यावर उपडी घातली होती. रस्त्यावरच्या लोकांनी बघितलं असेल. त्याचं लक्ष नव्हतं.

त्यानं दोघांच्या नाकांना दूध लावलं, पाठींना लावलं, ढुंगणांना लावलं. दोघांनी आपापली नाकं चाटली. चांगला शकुन होता. त्यानं दोघांना बुट्टीत घातलं, वरून गवत दाबलं, झाकण ठेवून सुतळीनं बांधलं. आत हलायला जागा राहिली नाही. थोडा वेळ घुमण्याचा आवाज आला. मग दातांचा आला. मग एक चिरका आवाज आला आणि थांबला. शिदुबा कान लावून बसला होता. एडकेही आधी असेच धुसफुसतात. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. गप्प झाले म्हणजे निवळले, असा त्याचा आजवरचा अनुभव होता. तो तिथंच ओसरीवर झोपला, आणि फार दिवसांनी गाढ झोपला.

सकाळी सुतळी सोडली. दोघं दोन बाजूंना तोंडं करून बसले होते. डोकेवाल्याच्या जांघेत, जिथं डॉक्टरांनी सुई घातली होती त्याच्या जरासं वर, बोट जाईल एवढं फाटलं होतं. बूडवाल्याचा ओठ चिरला होता आणि एक डोळा मिटला होता. गवत ओलं होतं.

एडक्याला भांडायला जागा लागते. या जनावराला भांडण टाळायला जागा लागत होती. हरलेल्याला पळून जायला एक कोपरा, बस्स. शिदुबानं तेवढी एकच गोष्ट काढून घेतली होती.

त्यानं जखमा धुतल्या, हळद भरली, दोघांना वेगळं केलं. डोकेवाल्याची जांघ फुगली. शिदुबा दिवसातून कितीदा तरी तिथं बोट लावून बघे. गाठ होती. ती दाताची, की पाण्याची? मेंढराच्या गाठी त्याला कळत. ही कळत नव्हती. गाठ पिकली, जनावर तापलं आणि डोकेवाला गेला. बूडवाल्याला सुजल्या तोंडानं चावता येत नव्हतं. शिदुबानं कोबीचा रस करून कापसानं पाजला. दोन दिवस तो प्यायला. नंतर कापूस तोंडात तसाच राहायला लागला आणि तोही गेला. टोचून महिनाही झाला नव्हता.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी यायचे होते. सकाळच्या वेळी ओसरीवर कुणी नव्हतं. मधल्या पेटीत अजून न टोचलेले, अजून न भांडलेले दोन नर होते, दोन्ही काळे-पांढरे. जांभळ्या औषधाची बाटली कुठल्या फळीवर असते हे मात्र शिदुबाला ठाऊक होतं. दवाखान्यातली ती एकच बाटली तो ओळखायला शिकला होता.

त्यानं एकाला उचललं. ते बिचारं मुठीत निवांत बसलं. त्यानं कापूस बाटलीत बुडवला. एक ठिपका याच्या डोक्यावर लावायचा, एक दुसऱ्याच्या ढुंगणावर. महिन्याभरानं डॉक्टर चिरतील. आत सगळं आरशासारखं स्वच्छ असेल. डॉक्टर म्हणतील, न्हाय. सोजरबाई शब्दाची पक्की होती. स्वतः येऊन गाडीत बसवून नेईल. कस्तुरा करकंबला पोचेल आणि मोटारीतून उतरायच्या आधीच पोराला पदराखाली घेईल.

तिथवर त्याला सगळं स्वच्छ दिसलं. त्याच्यापुढं पोर दूध पिताना दिसत राहिलं, आणि शिदुबाला ते बघवेना. कारण कस्तुराला ते नाही असं सोजरबाईला कळलं असतं, डॉक्टरांना कळलं असतं, सगळ्या करकंबाला कळलं असतं. शिदुबाला तेवढं कळलं नसतं.

त्यानं गिन्नीला परत पेटीत सोडलं. बाटलीचं बूच लावताना बोटं जांभळी झाली.

डॉक्टरांनी दोन्ही मेलेले चिरून बघितले. मग त्यांनी कानडीत काहीतरी म्हटलं आणि खुर्चीत बसले.

"वेगळे ठेव म्हणालो होतो ना रे?"

"ठिवले हुते. एकटं खाईना."

"मग?"

शिदुबानं सगळं सांगितलं. वाघरीचं सांगितलं, बुट्टीचं सांगितलं, दुधाचं सांगितलं.

"यात काही कळतं का?" शिदुबानं विचारलं.

"दातांचा पू आहे. बाकी व्हायला वेळच मिळाला नाही. असतं तर कदाचित अजून दिसलं नसतं. नसतं तरी दिसलं नसतं." त्यांची नजर शिदुबाच्या हातावर गेली. "बोटं का जांभळी?"

"सांडलं जरा."

डॉक्टरांनी कस्तुराला बोलावलं आणि पुन्हा पाठीत सुई घातली. काही आलं नाही. जरा खाली घातली. सुई कोरडीच निघाली.

"पाणी आटलं," ते म्हणाले, माफी मागावी तसे. "तशी चांगली गोष्ट आहे. ती बरी होते आहे."

"मग ठाम सांगा की, सायेब. न्हाय म्हणून."

"क्षयाचं पाणीही आटतं, शिदुबा."

आठवड्याच्या बाजाराला सोजरबाई दवाखान्यात आली. बरोबर तिचा मुलगा, कस्तुराचा नवरा बाळासो होता. तो दारातच एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा राहिला. डॉक्टरांनी खुर्च्या दिल्या. सोजरबाई या वेळी बसली.

"तर काय म्हणत्यात तुमची ती उंदरं?"

"ती मेली, आजी. दुसऱ्याच कारणानं."

"म्हंजे हाय का न्हाय?"

"सांगता येत नाही."

"न्हाय असं म्हणता येतंय?"

डॉक्टर खरं बोलणारे होते. त्याचा इलाज त्यांच्याकडं नव्हता. "नाही. तसं म्हणता यायचं नाही."

"मग हाय म्हणा की."

"तसंही म्हणता येत नाही."

"डाक्तर," सोजरबाई समजुतीनं म्हणाली, "माज्या घरातनं तिघं गेल्यात. मला तुमच्या मधल्या जागंत ऱ्हाता येत न्हाय."

बाळासो म्हणाला, "आये, पर ती बरी दिसतीया की."

"थोरली बी दिसत हुती."

कस्तुरा दाराआड उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आत्या, त्येला दात आलं का?"

"दोन आल्यात," सोजरबाई म्हणाली. "खालचं." मग ती उठली, आणि जाताना तिनं पदरानं डोळे पुसले ते कुणापासून लपवले नाहीत. त्यामुळं तिच्यावर धड रागही धरता आला नाही, हे अंबुबाई पुढं कित्येक वर्षं सांगत असे. बुट्टी मात्र अंबुबाईनं त्याच दिवशी चुलीत घातली.

त्या संध्याकाळी शिदुबा लेकीपुढं बसून म्हणाला, "माजं चुकलं, कस्तुरा."

"तुमी एडक्यांचं तेवढं बगितल्यालं, आबा."

"ऱ्हाऊ द्यायची हुती वेगळी."

"झुरली असती."

"झुरली असती," शिदुबा म्हणाला.

त्यानंतर ओसरीवर दोन नर कधीही एका पेटीत राहिले नाहीत. शिदुबानं बाजारातून घासलेटची खोकी आणून आणून भिंतच उभी केली. खोक्याला खोकं लागून, प्रत्येकाला वेगळी जाळी, वेगळी वाटी. आधी चार-दोन दिवस प्रत्येक गिन्नी तोंड फिरवून बसे. शिदुबा शेजारी बसून राही, कोबीचं पान जाळीपाशी धरून, हात भरून येईस्तोवर. मग कधीतरी ती पान घेई. बूडवाल्यानंही घेतलं असतं का, याचा हिशोब तो दर वेळी करी आणि दर वेळी तो तिथंच अडे. दुसऱ्यांच्या छातीतली पाणी येत राहिली, दुसऱ्यांना हो किंवा नाही मिळत राहिलं. प्राणी उत्तम राहत. डॉक्टर लोकांना सांगत की असा माणूस मुंबईलाही मिळायचा नाही.

कस्तुराचा ताप पुन्हा आला नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभर बघू. वर्ष झालं. सोजरबाई म्हणाली, थोरलीला दीड वर्ष लागलं होतं. दीड वर्षही झालं. मग तिनं काही म्हणायचं सोडून दिलं, न्यायलाही आली नाही. दुसरी सून आणली, असं ना कुणी सांगितलं, ना आणली नाही असं.

बाळासो मात्र कधीमधी सोलापूरला आला की पोराला घेऊन दवाखान्यामागच्या अंगणात येई. डॉक्टरांनी उघड्यावर, लांबून बघायला हरकत नाही म्हटलं होतं. कस्तुरा ओसरीच्या त्या टोकाला खांबाशी उभी राही, बाळासो या टोकाला पोराचा हात धरून. मधे खोक्यांची भिंत. पोर तिच्याकडं बघत नसे. तिला ओळखायचं त्याला काही कारण नव्हतं. ते धावत जाई ते जाळ्यांपाशी, आणि एकेका खोक्यात बोट घालून गिन्न्यांच्या शिळेला शीळ घालायचा प्रयत्न करी.

"मामंजी," एकदा बाळासोनं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "ही भांडत न्हाईत का?"

"न्हाय. एकेकटी हायत."

"मग झुरत न्हाईत व्हय?"

"झुरत्यात की," शिदुबा म्हणाला, आणि पोराच्या हातात कोबीचं पान दिलं. "हां, असं धर. जाळीपाशी. गडबड करू नगं. त्ये येतंय का बघ."

पोरानं पान धरलं. खांबाशी उभी कस्तुरा जरा पुढं वाकली, डॉक्टरांनी आखून दिलेल्या जागेच्या अलीकडंच, आणि तीही बघत राहिली.